डाव्या वळणाचे स्फटिक

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. मी गेलो तो विज्ञानाला. मराठीत सलग पानभर मजकूर लिहिला तो शेवटचा दहावीच्या निबंधात, आणि त्यातही गुरुजींनी लाल शाईनं बरंच काही खोडलं होतं. शिवाय ज्या कामाबद्दल सांगणार आहे त्यात मी अजून शिकाऊच आहे. ज्यांची हयात त्यात गेली त्यांना हे वाचून हसू येईल. येऊ दे. मागच्या हिवाळ्यात जे झालं ते माझ्याशिवाय दुसरं कुणी लिहिणार नाही. आईला वाचता येत नाही, पण शेजारच्या काकूला येतं. ती आईला वाचून दाखवेल एवढ्या धीरावर लिहितो आहे.

आमचं घर निपाणीत, विड्या वळणाऱ्यांच्या गल्लीत. दुपारी उंबऱ्याजवळ उजेड येतो तिथं आई मांडीवर सूप घेऊन बसायची आणि तिच्या शेजारी काकू. ही काकू नात्यातली नव्हे, भिंतीला भिंत लागून असलेली. भिजवलेलं पान कातरीनं कापायचं, त्यात चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांत धरून वळायचं, तोंड मुडपायचं आणि दोरा बांधायचा. मी चालायला शिकलो तेव्हापासून हे बघत आलोय.

आई डावखुरी. त्यामुळं तिच्या विडीवर पानाची कड डावीकडं चढत जायची आणि काकूच्या विडीवर उजवीकडं. ओढणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही. पण गल्लीत थट्टेला तेवढं पुरे होतं.

"हिच्या विड्या म्हंजे भुताची जात. पाय उलटं," काकू म्हणायची.

"धूर तर सरळच जातोय न्हवं?" आई म्हणायची. "आन् तुझ्या विड्यांस्नी कोण गं नवरा बघाय येतोय?"

मी उजव्या हाताचा, पण विडी आईकडं बघून शिकलो. म्हणून हात उजवा आणि वळण डावं असं माझं झालं. डावीकडं चढणारी कड हीच माझ्या डोळ्याला सुलट वाटायची. यात काही वावगं आहे हे बेळगावात एम.एस्सी.ला जाईपर्यंत मला कळलं नाही.

कळलं ते एका सेमिनारात. मी फळ्यावर डीएनएची आकृती काढत होतो. दोन धागे एकमेकांभोवती गुंडाळत वर जाणारी ती शिडी सगळ्यांना ठाऊक असते. मी मन लावून काढली, रंगीत खडूनं पायऱ्याही काढल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी कानडीत काहीतरी बोललं आणि वर्ग हसला. मला कानडी येते, पण बाजारापुरती. विनोदापुरती येत नाही. मग एकानं मराठीत सांगितलं, "अरे, उलटा काढलास. हा तुझ्या गावचा डीएनए काय?"

खरंच उलटा होता. सजीवांमधला नेहमीचा डीएनए उजव्या वळणाचा असतो, साध्या बोल्टच्या आट्यांसारखा. मी काढलेला आईच्या विडीसारखा होता.

सेमिनार घेणाऱ्या मॅडम हसल्या नाहीत. त्या मूळच्या कानडी, माझ्याशी मात्र मराठीतून बोलायच्या. "पोस्टरांवरसुद्धा कित्येकदा तो उलटा छापलेला असतो," त्या म्हणाल्या. "बस खाली." तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. इतकी वर्षं उलटं वळण डोळ्याला सरळ कसं दिसलं ते विचारलं. मी आईच्या विडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे एक काम आहे. वळणाचंच आहे."

ते काम सोपं करून सांगतो. डीएनए म्हटलं की आपल्याला वारसा आठवतो, आईबापाचे गुण आठवतात. या कामात त्याचा तसा काही संबंध नसतो. इथं डीएनएचे छोटे तुकडे विटांसारखे वापरतात. कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला चिकटणार हे त्यावरच्या अक्षरांच्या क्रमावरून ठरतं. क्रम विचारपूर्वक लिहिला तर पाण्यात सोडलेले तुकडे आपोआप एकत्र येऊन त्यांचा त्रिकोण बनतो. त्रिकोणाच्या टोकांना बारीक शेपट्या ठेवायच्या. एकाची शेपटी दुसऱ्याच्या शेपटीत अडकते, दुसऱ्याची तिसऱ्याच्या, आणि सगळ्या दिशांनी असं होत गेलं की डोळ्यांना दिसेल एवढा स्फटिक तयार होतो. कुणी हात लावत नाही. आपण फक्त क्रम लिहायचा आणि वाट बघायची.

यातली मेख अशी. त्रिकोणाच्या तीन बाजू एकमेकींवरून जातात. दुकानदार पुठ्ठ्याचं खोकं चिकटपट्टीशिवाय बंद करतो तेव्हा एक झाकण दुसऱ्याखाली, दुसरं तिसऱ्याखाली असं सरकवत जातो, तसं. खोकं उजवीकडून फिरवत बंद करता येतं, तसं डावीकडूनही. दोन्ही बंदच होतात. डीएनए जरी उजव्या वळणाचा असला तरी त्यातून बांधलेला त्रिकोण डाव्या वळणाचा करता येतो. एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत शिडीच्या किती पायऱ्या ठेवायच्या ते बदललं की बाजू वेगळ्या कोनात बाहेर पडते आणि त्रिकोण उलटा फिरतो. मला दोन मांडण्या करायच्या होत्या, एक उजवी आणि एक डावी.

"दोन्ही हात, म्हणजे दोन्ही वळणं, आपल्याला हवी तशी आणता आली पाहिजेत," मॅडम म्हणाल्या. "ते जमलं तर हे काम पुढं जाईल आणि तू इथंच पीएच.डी.ला राहशील. दोन्ही स्फटिक एकाच हाताचे निघाले तर प्रकल्प इथंच संपेल. तुला आत्ताच सांगून ठेवते."

मी हो म्हणालो. हे काम सोडून दुसरं काही करावंसं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आताही वाटत नाही. पण असं मोठ्यानं म्हणायला आमच्याकडं कुणी शिकवलेलं नाही.

संगणकावर मांडणी करताना अडचण निराळीच आली. पडद्यावर त्रिकोण फिरवून बघता येतो, पण हा डावा आणि हा उजवा असं नाव आपणच द्यायचं असतं. सेमिनारापासून माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. पुस्तकातल्या चित्रांवर ठेवावा, तर मॅडमनीच सांगितलं होतं की तीही उलटी असू शकतात. बोल्ट कुठल्या बाजूला फिरवल्यावर आत जातो यावरही एका दुपारी माझा इतका गोंधळ उडाला की मी डोकं धरून बसलो. खात्रीनं डावी अशी एकच वस्तू मला जगात माहीत होती.

दसऱ्याला घरी गेलो तेव्हा आईला म्हणालो, "एक विडी दे."

आई माझ्याकडं बघतच राहिली. "वडाय लागलास व्हय रं?"

"न्हाय गं. कामाला पायजे. मोजमापाला."

काकू हसून हसून लाल झाली. "कॉलेजात आता विड्यांचं शिक्षण आलंय जणू! आगं, आपुनच जाऊया की मास्तरणी हून."

"घे सुपातली," आई म्हणाली. तिनं मला चहाचा कप दिला, थोडा बशीत सांडला. मी सुपातली एक विडी उचलून कागदात गुंडाळली आणि शर्टच्या खिशात ठेवली.

बेळगावात आल्यावर ती विडी पडद्याशेजारी उभी केली. जो त्रिकोण तिच्यासारखा वळत होता त्याचं नाव डावा, उरलेला उजवा. मी त्या विडीकडं नीट बघितलंच नाही, नुसतं तिच्याशी ताडून बघितलं. मॅडमनी विचारलं, "नावं तपासलीस ना?" मी म्हणालो, "तपासली."

दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामं झालं. मेस बंद होती, म्हणून मी बसस्टँडजवळ जाऊन जेवून यायचो. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडं होती. तुकडे घातलेल्या नळ्या उकळत्याच्या जवळ जाईपर्यंत तापवायच्या आणि मग अगदी सावकाश निवू द्यायच्या, म्हणजे तुकड्यांना आपापला जोडीदार शोधायला वेळ मिळतो. मोठ्या ठिकाणी हे यंत्र करतं. आमचं यंत्र वीज जाऊन आली की पहिल्यापासून तापवायला सुरुवात करायचं. म्हणून मी थर्मोकोलच्या दोन खोक्यांत गरम पाण्याची पातेली ठेवली, त्यात नळ्या तरंगत्या सोडल्या, झाकण लावलं आणि सगळ्यावर घरून आणलेली वाकळ गुंडाळली. ती वाकळ आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली. दोन खोकी, दोन मांडण्या, एक वाकळ. तीन दिवस मी त्याला हात लावला नाही. एवढ्या मोठ्या इमारतीत मी एकटाच असायचो. पाण्याच्या टाकीचा आवाज आला तरी बरं वाटायचं.

स्फटिक दोन्हीकडं आले. सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, एका बाजूला कललेल्या छोट्या काचेच्या पेट्या असाव्यात तसे. दोन्ही नळ्यांतले अगदी सारखे. बाहेरून हात कळत नाही. तो कळायला क्ष-किरणांचा फार जोरदार झोत लागतो, आणि तो आमच्याकडं नाही. मी मागं वळून बघितलं, कुणाला तरी दाखवावं म्हणून. कुणी नव्हतं. मग आईला फोन केला.

"आई, खडं आलं!"

"आरं देवा! मुतखडं? सांगत हुते पानी पीत जा म्हून!"

मी हसलो, तीही नंतर हसली. मी समजावून सांगितलं, जमेल तेवढं. "मग आता कळायचं काय ऱ्हायलं?" तिनं विचारलं.

"ते डावं हायत का उजवं, ते."

"माझ्यावानी डावं?"

"व्हय. एक तुझ्यावानी, एक काकूवानी. तसं निघालं तर मी हितंच ऱ्हातो. न्हाय निघालं तर काम बंद."

"निघंल की," आई म्हणाली. फोनमधून काकूचाही आवाज येत होता. त्या दिवसांत फोन नेहमी काकूच धरायची. आई म्हणायची, हात तंबाखूनं भरलाय.

डिसेंबरात मॅडम परदेशी गेल्या. जिथं त्या पूर्वी शिकल्या होत्या तिथं झोताची वेळ मिळाली होती. स्फटिकांच्या तबकड्या त्यांनी विमानात मांडीवर ठेवून नेल्या. त्यानंतर काही कळेना. आधी तिथलं यंत्र बंद होतं, मग सुट्ट्या आल्या, मग निरोप आला की मोजमाप झालंय, उलगडा व्हायला वेळ लागेल. मी रोज प्रयोगशाळेत जाऊन बसायचो. करण्यासारखं काही नव्हतं. बाकीच्यांची कामं चालू असायची, ते जेवायला बोलवायचे, मीही जायचो. ते बोलता बोलता कानडीत शिरायचे आणि मी ताटाकडं बघत राहायचो. त्यांच्यावर माझा राग नव्हता. त्यांच्यातल्या एखाद्याला सांगावंसं वाटायचं की मला भीती वाटते. पण ते कानडीत कसं सांगायचं हे ठाऊक नव्हतं, आणि मराठीत तरी कुठं ठाऊक होतं.

अशात दाजींनी बोलावलं. आक्काचे यजमान, बेळगावातच उद्यमबागेत एका फौंड्रीत सुपरवायझर आहेत. गेटबाहेरच्या टपरीवर त्यांनी चहा सांगितला. सोबत त्यांचे दोघे कामगारही होते.

"तुझी ती खडी उगवली का न्हाय अजून?"

"उगवल्यात, दाजी. ते डावे का उजवे ते कळायचंय."

"म्हंजे? खड्याला हात फुटल्यात व्हय?"

कामगार हसले. एकानं विचारलं, "पाय कवा फुटणार, सायेब?"

दाजीही हसले, मग गंभीर झाले. "हे बघ. आमच्याकडं क्वालिटी खात्यात जागा हाय. सायेबाला मी शब्द दिलाय. सोमवारी हजर व्हायचं. तू आला न्हाईस तर माझं तोंड ऱ्हात न्हाय. आईनं किती दिस विड्या वळायच्या रं? तूच सांग."

दाजी वाईट बोलले नव्हते. मी म्हणालो, "शनवारी घरी जातो, आईला इच्यारतो, मग सांगतो." मनातून ठरलंच होतं. सोमवारी हजर व्हायचं. गावी निघताना पडद्याशेजारची विडी पुन्हा कागदात गुंडाळून खिशात ठेवली, परत सुपात टाकायची म्हणून. आता तिचा उपयोग संपला होता.

शनिवारी दुपारची बस होती. खिडकीजवळ जागा मिळाली. संकेश्वर मागं पडलं. तवंदीच्या घाटात फोनची रेंज जाते. घाट उतरताना ती परत आली आणि फोन खिशात थरथरला. मॅडमचा निरोप होता. इंग्रजीत, मोठा. मी तो पुन्हा पुन्हा वाचला, कारण पहिल्यांदा अक्षरं दिसली पण अर्थ लागेना.

दोन्ही स्फटिकांचा उलगडा झाला होता. दोन्ही विरुद्ध हातांचे निघाले होते, एक स्वच्छ उजवा आणि एक स्वच्छ डावा. पायऱ्या बदलून वळण बदलतं हे सिद्ध झालं होतं. मॅडमनी लिहिलं होतं की काम पुढं जाणार, त्या परतल्यावर माझ्या पीएच.डी.ची तयारी सुरू करायची. खाली आणखी दोन ओळी होत्या. "फक्त तुझी नावं उलटी आहेत. ज्याला तू डावा म्हटलंस तो उजवा आहे. दुरुस्त करता येईल, काळजी करू नकोस. पण तू कशाशी ताडून पाहिलं होतंस?"

बसमध्ये पुढच्या बाकावर एक बाई लहान पोरीची वेणी घालत होती. तिला सांगावंसं वाटलं की माझं काम झालं. नाही सांगितलं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्या शेवटच्या प्रश्नानं मन अडकलं. मी खिशातून कागद काढला आणि विडी बाहेर काढली. पाण्याची बाटली होती, तिचं झाकण काढलं. बाटलीच्या तोंडावरचे आटे उजवीकडं चढतात. सगळ्याच बाटल्यांचे चढतात. त्यांच्याशेजारी विडी उभी धरली.

पानाची कडही उजवीकडंच चढत होती.

माझ्या डोळ्यांनी पुन्हा फसवलं असेल म्हणून मी विडी उलटी धरून बघितली. उलटी धरली तरी वळण बदलत नाही, हे मला आता माहीत होतं. तरीही बघितलं. ही आईची विडी नव्हती. पण सूप आईचं होतं, तिच्याच मांडीवर होतं. दसऱ्याच्या त्या दिवशीचा चहा आठवला. आईनं कप उजव्या हातानं दिला होता. आई उजव्या हातानं काही देत नाही, म्हणूनच तो सांडला होता. आणि फोन काकू धरत होती.

मी आईला फोन केला नाही. काकूच्या नंबरवर केला.

"काकू, आईच्या सुपातल्या विड्या कोण वळतंय?"

काकूनं विचारलं, "कुनी सांगितलं रं तुला?"

"कुनी न्हाय. तू सांग."

"तुझा निकाल लागला का आधी? डावं-उजवं काय ते?"

"लागला."

"कसा?"

"चांगला. काम चालू ऱ्हातंय. मी बेळगावातच ऱ्हातोय."

बस निपाणीच्या पुलाखालून आत वळत होती.

"मग सांगते," ती म्हणाली. "तुझा निकाल लागल्याबिगर तुझ्या कानावर घालायचं न्हाय म्हून तिनं मला शपथ घातलीती. आषाढापासनं तिची डावी बोटं मिटत न्हाईत, लेकरा. दोरासुदीक धरता येत न्हाय. दवाखान्यात चालू हाय. सूप ती निस्तं मांडीवर घिऊन बसतीया. वळतीया मीच, दोघींच्या वाटणीचं."